सासूबाईंचे गुडघे

"ती तुमची पांढरी गोळी आता अजिबात मिळायची नाही का हो, बाई?" म्हातारीनं चालत्या बसमध्ये कानाशी तोंड आणून विचारलं, आणि जोंगरानला आधी वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. योंगदो बेटाच्या चढावर ती छोटी हिरवी बस नेहमीसारखी कण्हत होती. खाली गोदीत कुणीतरी जहाजाच्या पत्र्यावर हातोडे घालत होतं. "कोणती गोळी, मावशी?" तिनं विचारलं. म्हातारी, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची सासू, खुशीत आली. "अहो, तीच की. पाकिटात चौदा-चौदा यायच्या. आमची सूनबाई रोज सकाळी नाश्त्याआधी हातावर ठेवायची माझ्या. काय गुण होता त्या गोळीला! पाच वर्षं गुडघे मला आहेत हेच विसरले होते मी. आता बंद होऊन चार महिने झाले तर बघा," असं म्हणून तिनं नवीकोरी काठी जोंगरानच्या मांडीला टेकवून दाखवली. "तिचं एवढं ऑपरेशन झालेलं, तिला कुठं त्रास द्यायचा. म्हटलं, तुम्हालाच विचारावं. तुमच्याच हातून यायच्या ना त्या?" जोंगरान म्हणाली, "मला इथंच उतरायचंय," आणि ती तीन थांबे आधीच उतरली. बस पुढे गेली. काचेतून म्हातारी हात हलवत होती.

रस्त्याच्या कडेला ओदेंगच्या, म्हणजे रश्श्यात उकळणाऱ्या माशांच्या वड्यांच्या, गाडीवर वाफ उठत होती. त्या वाफेत ती उगाच उभी राहिली. विक्रेतीनं न विचारता रश्श्याचा कागदी पेला तिच्या हातात दिला. रस्सा कडकडीत होता. जीभ पोळली, आणि पोळल्याचं तिला बरं वाटलं, कारण त्या घटकेला दुसरं काहीच वाटत नव्हतं. पाच वर्षं. वर्षातून चार खेपा. दर खेपेला योनोक रिकामी पाकिटं रबर लावून आणायची आणि टेबलावर ठेवताना म्हणायची, "मोजा, नर्सबाई." जोंगरान मोजायची. सगळी फोडलेली, एकही गोळी मागे नाही. मग ती रकान्यात शंभर टक्के लिहायची, सही करायची आणि एखादे वेळी म्हणायचीसुद्धा, की बाराशे बायकांत माझ्या बहिणीसारखी शिस्त कुणाची नाही. ते आठवून आता तिच्या कानशिलांना आग लागली. स्वतःला ती फार हुशार समजत होती. जिच्या नजरेतून काही सुटत नाही अशी नर्स म्हणून इस्पितळात तिचा लौकिक होता. पाकीट फोडलं की गोळी पोटात गेली, एवढं साधं गणित घेऊन ती पाच वर्षं सह्या ठोकत बसली. कुणाच्या पोटात, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

अभ्यास नामगुंग सरांचा होता. स्तनाच्या कर्करोगाचा धोका ज्या बायकांना जास्त, त्यांना सूज उतरवणारी एक गोळी रोज थोड्या मात्रेत पाच वर्षं द्यायची आणि रोग लांब राहतो का ते पाहायचं. शरीरात आतल्या आत धुमसणारी बारीक सूज या रोगाला खतपाणी घालते, असं सरांचं म्हणणं. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती हे त्या बाईला माहीत नाही, नर्सला नाही, खुद्द सरांनाही नाही. यादी तिसरीकडेच कुलपात. आणि धोका कुणाला जास्त हे ठरवायला सात पानांचा अर्ज. तो भरून घेणं हे जोंगरानचं काम. पाळी कितव्या वर्षी आली. पहिलं मूल कितव्या वर्षी झालं. अंगावर किती महिने पाजलं. आईला होता का, बहिणीला होता का. बाजारातल्या मासळीवाल्या बायका हे प्रश्न ऐकून तोंडावर हात ठेवून हसायच्या. एकीनं तर सरळ सांगितलं, "एवढं तर मला लग्न जुळवणारीनंही विचारलं नव्हतं."

योनोकचा अर्ज तिनं स्वतः भरला होता. दुसऱ्या नर्सला भरू द्यायला हवा होता, नियम तसा होता, पण तिला ते काम दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं. समोरासमोर बसून तिनं बहिणीला परक्या आवाजात प्रश्न विचारले, कारण आपल्या आवाजात विचारवेना. "पहिलं मूल?" "नाही." "एकूण मुलं?" "ताई, तुला माहीत आहे." "मला लिहावं लागतं." "मग लिही की शून्य. गोल काढायला काय लागतं." तिनं शून्य काढलं. मूल न झालेल्या बाईला धोका वाढतो, म्हणून त्या शून्याचे गुण मिळत. आईचे गुण मिळत. बाराव्या वर्षाआधी पाळी आली त्याचे मिळत. योनोकची बेरीज इतकी भरली की तिला अभ्यासात सहज जागा मिळाली, आणि जोंगरानला, लाज वाटण्यासारखी गोष्ट, आनंद झाला. पोरगी परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद. सोळा वर्षं जे शून्य योनोकला घरी उठता-बसता ऐकावं लागत होतं, ज्या शून्यापायी सासूबाईंनी तिच्या हातचं खाताना कधी एका शब्दानं बरं म्हटलं नव्हतं, ते निदान एका ठिकाणी तरी कामाला आलं, असं तिला वाटलं.

स्वतः जोंगरानची बेरीज तर बहिणीहूनही जास्त होती. तिचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि वयही पाच वर्षांनी जास्त. पण अभ्यासात काम करणाऱ्यांना अभ्यासात घेत नाहीत. पाच वर्षं हजारो गोळ्या तिच्या बोटांखालून गेल्या आणि तिनं एकही जिभेवर ठेवली नाही. कधी कधी दुपारी खोलीत कुणी नसताना ती एखादं पाकीट उजेडात धरून बघायची. आई गेली तेव्हा ही असती तर, असं मनात यायचं. असं मनात आणणं शहाणपणाचं नाही हे कळायचं, तरी यायचं.

आईनं गाठ लपवली होती. आजीच्या, म्हणजे आईच्या सासूच्या, साठीचं जेवण व्हायचं होतं. गावभरची माणसं यायची, तीन दिवस चुली पेटत्या राहायच्या. अशा वेळी थोरल्या सुनेनं आपली छाती दुखते म्हणून इस्पितळात जायचं म्हणजे काय? जेवण झालं. मग भाताची कापणी आली. मग पितरांचं वाढणं आलं. गाठ फुटून कपडे खराब व्हायला लागले तेव्हा सोळा वर्षांच्या जोंगराननं ते विहिरीवर धुतले, आणि आई म्हणाली, "आजीला सांगू नकोस हं, तिच्या जिवाला घोर." आई बेचाळिसाव्या वर्षी गेली. जोंगरान तेव्हा अठराची, योनोक तेराची. आजी पुढे एकोणीस वर्षं जगली, दातांनिशी. नर्सिंगच्या शाळेत नाव घालताना जोंगराननं एवढंच मनाशी धरलं होतं की या घरातली दुसरी कुणी अशी जाणार नाही. दुसरी कुणी म्हणजे एकच होती. तिला तिनं शिकवलं, नोकरीला लावलं, गोदीत वेल्डिंग करणाऱ्या एका भल्या, मुकाट माणसाशी तिचं लग्न लावून दिलं. आणि गोळी आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला रांगेत उभं केलं.

रश्श्याचे पैसे विक्रेती घेईना. मग ती उताराच्या रस्त्यानं चालत पुन्हा पुलाकडे निघाली, आली तिकडेच, इस्पितळाकडे. बहिणीकडे आता जाववणार नव्हतं. चालता चालता एकेक आठवायला लागलं, आणि आठवेल तितकं बिघडत चाललं. मासळीवाली एक बाई दर खेपेला सुक्या बोंबलांसारख्या लहान मासोळ्यांची पिशवी आणायची आणि म्हणायची, "आमच्या म्हातारीनं पाठवल्यात. ती तुमचं नाव घेऊन निजते बघा." आपण हसून पिशवी ठेवून घ्यायचो. दुसरी एक, शाळेतल्या स्वयंपाकघरात काम करणारी, तिनं एकदा विचारलं होतं, की गोळी नाश्त्यानंतर दिली तर चालेल का. दिली तर. घेतली तर नव्हे. आपण म्हणालो, चालेल. तिसरी रडत आली होती की माझं पाकीट बदलून द्या, माझ्या जावेचं चांगलं निघालं, माझं काही कामाचं नाही. आपण तिला वेड्यात काढलं. प्रत्येकीच्या घरात कुणीतरी गुडघे धरून बसलेलं होतं, आणि गोळी सूज उतरवणारी आहे हे आपणच पहिल्या दिवशी त्यांना समजावून सांगितलं होतं, चित्रं दाखवून. धडधाकट बाईनं रोज औषध खायचं आणि शेजारच्या खोलीत म्हातारं माणूस रात्रंदिवस विव्हळतंय. असली बाई या गावात तोंड कुठं दाखवणार होती? सरांनी सगळ्याचा विचार केला होता. यकृताचा केला, रक्तस्रावाचा केला, आणि घरातल्या दुसऱ्या खोलीचा तेवढा राहिला.

सर खोलीत होते. निकाल तीन आठवड्यांपूर्वीच लागला होता. खऱ्या गोळीत आणि पिठाच्या गोळीत काहीच फरक नाही, दोन्हीकडे जवळपास तितक्याच बायकांना रोग झाला. इतकंच काय, रक्तातला सुजेचा आकडाही खऱ्या गोळीनं हवा तसा उतरला नाही. बैठकीत सर म्हणाले होते, "आपल्या बायकांची सूज भारी हट्टी दिसते," आणि सगळे हसले होते, तीही हसली होती. आता ती दारातच उभी राहून बोलली. बहिणीचं नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला. "किती जणींनी?" "माहीत नाही, सर." "दहा? शंभर?" "विचारलं तर कोणती कबूल करील?" "म्हणजे तुमच्याकडे काही नाही. एका म्हातारीचं बसमधलं बोलणं आहे." ते चिडलेले नव्हते. थकलेले होते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "जोंगरानबाई, शंभरातल्या शहाण्णव गोळ्या घेतल्या गेल्या असं निबंधात छापून जातंय. ते कुणाच्या सह्यांवर? तुमच्या. सासूच्या गुडघ्यांचा रकाना आपल्या अर्जात नव्हता. आता तो घालता येत नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "गोळी कदाचित चांगलीही असेल. पण आता हिच्यावर पुन्हा पाच वर्षं कोण घालणार?" ती हो म्हणाली. हो म्हणायची सवय तीस वर्षांची होती.

यादी आता उघडली होती. ज्या बाईला आपल्याला कोणती गोळी मिळाली हे जाणून घ्यायचं असेल तिनं विचारावं आणि नर्सनं सांगावं, असं ठरलेलं. योनोकनं ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, नळ्या लावलेल्या असताना विचारलं होतं, आणि जोंगराननं टाळलं होतं, अजून यादी आली नाही म्हणून. तेव्हाची भीती वेगळी होती. बहीण इमानानं पाच वर्षं पीठ खात राहिली असं निघालं तर तिला काय वाटेल, ही. आता संगणकापुढे बसून तिनं क्रमांक घातला. चारशे सात. पुढे एकच शब्द होता. खरी. तिनं यादी बंद केली, पुन्हा उघडली. मग ती उठून हात धुवून आली. दोनदा साबण लावला. छातीत डाव्या बाजूला, जिथं योनोकचं आता काहीच नव्हतं, तिथं तिला दुखल्यासारखं झालं, आणि मागोमाग असा संताप आला की खोलीत कुणी असतं तर तिनं त्याला मारलं असतं. संताप म्हातारीवर नव्हता. म्हातारीला काय ठाऊक? तो योनोकवर होता. अंगावर वार करून घेतलेल्या, भुवया गळालेल्या, पेजेवर आलेल्या पोरीवर. मी तुझ्यासाठी आणलेली वस्तू तू वाटून टाकलीस. मी जिच्याकडे नुसती बघत राहिले ती तू पाच वर्षं दुसऱ्याच्या हातावर ठेवलीस. आईसारखीच निघालीस.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती गेली. चौऱ्याण्णव पायऱ्या चढून घर. सासूबाई सार्वजनिक स्नानघरात गेल्या होत्या, दर शनिवारी जायच्या. आधी योनोक बरोबर जायची, त्यांची पाठ घासून द्यायची. आता योनोक तिथं जात नाही. डोक्याला सुती टोपी घालून ती खालून तापवलेल्या जमिनीवर गादी टाकून पडली होती आणि लसूण सोलत होती. "ठेव तो," जोंगरान म्हणाली. "हाताला चाळा," योनोक म्हणाली. "त्या आता स्वयंपाक करतात, निदान लसूण तरी सोलून द्यावा. बस ना. संत्री खा." खिडकीतून गोदीचे क्रेन दिसत होते. जोंगराननं संत्रं सोललं, सगळे दोरे काढले आणि फोडी बहिणीपुढे ठेवल्या. येताना पायऱ्यांवर तिनं काय बोलायचं ते ठरवलं होतं. खरं सांगितलं तर ही उरलेलं आयुष्य, ते जेवढं असेल तेवढं, त्या एका शब्दाखाली दबून काढील. शब्द तिच्या हातात होता. तोच बदलायचा, एवढंच.

"ताई, यादी आली का?"

"आली."

"मग? काय होतं माझ्या नशिबात?"

"पीठ," जोंगरान म्हणाली. "साखर आणि पीठ. तेव्हा मनाला काही लावून घेऊ नकोस. घेतल्या असत्यास तरी काही उपयोग नव्हता."

बोलून झाल्यावर तिला आपलं बोलणं ऐकू आलं. योनोकच्या हातातला लसूण तसाच राहिला. टोपीखालचा तो उघडा, भुवया नसलेला चेहरा वर झाला. त्यावर आश्चर्य सोडून बाकी सगळं होतं.

"घेतल्या असत्या तर?" योनोक म्हणाली. "म्हणजे कळलं तुला. आई बोलल्या ना?"

"बसमध्ये."

"मला वाटलंच होतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही." तिनं लसूण वाडग्यात टाकला. "आणि पीठ काय म्हणून सांगतेस गं? पिठाच्या जोरावर म्हातारी चौऱ्याण्णव पायऱ्या चढत होती होय? तुला खोटं बोलता येत नाही, ताई. लहानपणी आईच्या कपड्यांवर डाळिंबाचे डाग पडलेत म्हणून सांगायचीस मला. आपल्या दारात डाळिंब होतं तरी का?"

योनोकच बोलत राहिली, थांबत थांबत, मधेच दम खात. पहिला महिना तिनं गोळ्या घेतल्या. मग थंडी आली आणि सासूबाईंचे गुडघे भोपळ्याएवढे झाले. त्या भिंतीला धरून संडासात जायच्या आणि जाता-येता हिला बोलायच्या, की नातू असता तर त्यानं धरून नेलं असतं. एक दिवस वैतागून हिनं एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली, नुसतं तोंड बंद व्हावं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसरी. आठव्या दिवशी त्या आपल्या आपण उठल्या. पंधराव्या दिवशी खाली बाजारात गेल्या. आणि त्या फेब्रुवारीत, योनोकच्या वाढदिवसाला, सकाळी उठून बघते तर चुलीवर समुद्राच्या शेवाळाचं सार. बाळंतिणीला सासू घालते आणि पुढे दर वाढदिवसाला करतात ते. सोळा वर्षांत कुणी घातलं नव्हतं. "म्हणाल्या, पी गरम गरम, मला कधी करायची वेळ आली नाही तुझ्यासाठी. म्हणून रडल्या. मीही रडले. पाच वर्षं केलं त्यांनी ते, दर वर्षी. मला आई म्हणायला लागली होती कुणी तरी, ताई, म्हणजे मला कुणाला तरी आई म्हणावंसं वाटायला लागलं होतं. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं?" जोंगरानचा आवाज फाटला. "तुझं अंगावरचं दूध सुटल्यापासून तुला कडेवर मी घेतलं. आई दुखण्यात असताना तुला पहिली पाळी आली तेव्हा फडकं मी फाडून दिलं. ती गोळी मी तुझ्यासाठी... मी स्वतः..." आपल्यालाही हवी होती, हे एवढं साधं वाक्य तिच्या तोंडातून निघेना. "निदान निम्म्या तरी घ्यायच्या होत्यास. निदान मला सांगायचं होतंस. तुला ठाऊक तरी होतं का काय देत होतीस ते? पीठ समजून दिलंस, मी समजू शकते. पण..."

"पीठ समजून?" योनोक म्हणाली. तिनं बहिणीकडे असं पाहिलं जसं आपण समज न आलेल्या मुलाकडे पाहतो. "आठव्या दिवशीच कळलं मला, माझी खरी निघाली ते. तुमच्या कुलपातल्या यादीच्या आधी. खरी होती म्हणून तर दिली. पिठाची असती तर मीच खाल्ली असती, तुझं मन राखायला."

खाली पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. दोघी ऐकत राहिल्या. योनोकनं टोपी नीट केली, गालांवर हात फिरवला आणि आवाज खाली आणला.

"त्यांच्यापुढे काही काढू नकोस हं. जिवाला घोर लावून घेतील. आणि ताई, तुमच्या तिकडे उरल्या असतील ना थोड्या? बाजारहाट आता त्याच करतात. एवढ्या पायऱ्या."

उरलेली पाकिटं सोमवारी जाळायला जायची होती. अठ्ठावीस खोकी, डावीकडच्या कपाटात, मोजून सील केलेली. सील कुठून उचकटलं तर दिसणार नाही हे जोंगरानच्या मनात आपोआप आलं, आणि ते आलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली.

"किती हव्यात?" तिनं विचारलं.